पावसाच्या आधी छप्पर : चढण्याआधी एवढं वाचा



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मे अर्धा सरलेला असेल. ७-८ जूनला मृग लागतो. त्याच्या आधी वळवाची एखादी सर येते, घरात कुठे कुठे गळतंय ते दाखवून जाते आणि मग वाडीवस्तीत एकच गडबड सुरू होते. कौलं चाळायची, पत्र्याचे हूक आवळायचे, गोठ्यावर ताडपत्री ओढायची. म्हणून या महिन्याच्या पाठाला हाच विषय घेतला आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून आपापलं सांगावं. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा, पण मृगाच्या आधी संपवा.

छपराचं काम पुरुषांचं असं आपण सगळ्या म्हणतो. पण मे महिन्यात गावात पुरुष असतात किती? घाटाकडच्या आपल्या वाड्यांत कितीतरी घरांतला कर्ता माणूस मुंबईला माथाडीत, नाहीतर पुण्याला कंपनीत. सुट्टी काढून आला तरी ते चार दिवस लग्नं आणि जत्रा यात जातात. छप्पर राहतं ते राहतंच. मग ते करतं कोण? गटांच्या बैठकांत मी हे विचारलं की आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसतात, आणि मग एखादी सांगते, "चढतो की आम्ही. पण दिवेलागणीला."

दिवेलागणीला का, तर कुणी बघू नये म्हणून. बाईनं आढ्याकडे पाय करू नये असं सासूबाई म्हणतात, समोरच्या घरातले हसतात, आणि नवऱ्याला फोनवर कळलं तर तो म्हणतो माझी लाज काढलीस. म्हणून अंधार पडता पडता, घाईघाईने, साडी खोचून, एकटीने चढायचं, आणि शिडी धरायला घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर. कौल निसटलं किंवा पाय चुकला तर सावरायला काहीच नाही. मला यात धोक्याची वाटते ती बाईच्या चढण्यापेक्षा ही लपवाछपवी. ज्या कामाला उजेड लागतो आणि खाली एक मोठं माणूस लागतं, ते काम चोरून होत नाही. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे काम सकाळी करायचं, चार जणींच्या देखत.

पत्रा माणसासाठी नसतो

छपरावरून माणूस घसरून पडतो, असं आपल्याला वाटतं. कौलांवर, शेवाळावर तसं होतंही. पण सिमेंटच्या पत्र्यावर जी पडते ती बहुतेक वेळा कडेवरून पडत नाही. पत्रा फुटतो आणि ती सरळ खाली, घरातच पडते.

गेल्या वर्षी आपल्याच प्रभागातल्या एका ताईंचं असंच झालं. नाव त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, पण हकीकत मात्र "लिही, सगळ्यांना कळू दे" असं त्यांनीच सांगितलं. गोठ्यावर सिमेंटचे पत्रे होते, पंधरा-सोळा वर्षांचे. एका पत्र्याला चीर होती, त्यावर डांबराची पट्टी मारायची होती. पाच मिनिटांचं काम. त्या वर चढल्या, चिरेपर्यंत नीट पोचल्या, पट्टीही मारली. परत फिरताना दोन हुकांच्या ओळींच्या मधोमध पाय पडला. "आवाजसुद्धा आला नाही गं. पायाखाली होतं ते नव्हतंच एकदम." खाली गव्हाण होती. कमरेचा मणका दबला. तीन महिने अंथरूण, म्हशीची धार शेजारणीने काढली, गटाचे हप्ते दोन महिने इतर जणींनी भरले. गवंडी त्या कामाचे आठशे रुपये मागत होता, ते वाचवायचे होते.

सिमेंटचा पत्रा पाऊस आणि वारा अडवायला बनवलेला असतो, वर उभं राहायला नाही. नवा कोरा असला तरी नाही. जुना झाला की तो आतून आणखी ठिसूळ होतो आणि वरून दिसतो मात्र तसाच. उजेडासाठी मध्ये मध्ये जो पारदर्शक पत्रा बसवलेला असतो तो उन्हाने त्याहून लवकर कुजतो. वर धूळ आणि शेवाळ साचलं की तो बाकीच्या पत्र्यांत ओळखूसुद्धा येत नाही. कौलारू घरातल्या काचेच्या कौलाचंही तेच. म्हणून चढण्याआधी घरात जाऊन वर बघा. उजेड कुठून येतो ते पक्कं लक्षात ठेवा, आणि बाहेरून त्या जागेवर फांदी टाका किंवा चुन्याची खूण करा.

जाणती माणसं सांगतात की हुकांच्या ओळीवरून चाल, खाली पाईप किंवा वासा असतो. हे खोटं नाही. हूक तिथेच असतो जिथे खाली आधार असतो. पण ती ओळ आहे दोन-तीन इंच रुंद. उतारावर, हातात डबा घेऊन, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं त्या ओळीवर किती पावलं बरोबर पडतील? त्या ताईंचीही जातानाची सगळी पावलं बरोबरच पडली होती.

यावर उपाय फळ्यांचा आहे. निदान दीड फूट रुंद होईल असं दोन-तीन फळ्या जोडून पाटकुळं करायचं, त्यावर दर फुटाला एक आडवी पट्टी ठोकायची म्हणजे पाय घसरत नाही. लांबी इतकी हवी की फळी खालच्या निदान दोन पाईपांवर टेकेल, तीन असतील तर उत्तम. वरच्या टोकाला दोर बांधून तो आढ्यापलीकडे नेऊन पक्क्या जागी बांधायचा, नाहीतर फळीच तुम्हाला घेऊन खाली येईल. अशा दोन फळ्या हव्यात, एकीवर बसायचं आणि दुसरी पुढे सरकवायची. उभं राहायचं नाही, बसून किंवा रांगत जायचं. एवढं सामान नसेल तर सिमेंटच्या पत्र्यावर जायचं नाही. चीर छोटी असेल तर शिडीवरून हात पोचेल तिथपर्यंत करा आणि आतून खाली बादली ठेवा. चार महिने बादली ठेवलेली परवडते.

जे आतून होतं ते आतून करा

कौलारू घर असलेल्या ताईंना इथे जरा बरी बातमी आहे. मंगलोरी कौल फुटलं तर ते बदलायला वर जायची गरज बरेचदा नसते. कौलाला मागे नाक असतं, ते रिपेला अडकलेलं असतं. घराला आतून छत मारलेलं नसेल तर आत पक्की शिडी लावून, फुटक्या कौलाच्या वरचं आणि बाजूचं कौल हाताने थोडं उचलायचं, फुटकं सोडवून आत ओढायचं आणि नवं खालून सरकवून रिपेवर नाक बसवायचं. पहिली दोन-तीन कौलं बसवताना घाम निघतो, मग हात बसतो. माझ्या पाहण्यातल्या एका आजी सत्तरीच्या आहेत आणि अख्खं पाखं आतून चाळतात. त्या मात्र खाटेवर स्टूल आणि स्टुलावर पाट असली कसरत करत नाहीत. शिडीच लावतात, आणि सूनबाई शिडी धरून उभी असते.

आतून काम करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, डोक्यावर टॉवेल घट्ट बांधा आणि डोळे सांभाळा, वरून वर्षभराची माती पडते. दुसरी म्हणजे जनावरं. रिपेच्या सांदीत विंचू असतो, गांधीलमाशीचं पोळं असतं, उंदीर असले तर त्यांच्या मागे साप येतो. कौल हाताने उचलण्याआधी काठीने ठोका. अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या कौलांच्या थप्पीत हात घालतानाही तेच. लाल विंचू चावून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र आणि पाला यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही गोळी लागू पडते हे दाखवून दिल्यापासून कितीतरी जीव वाचले आहेत, पण त्यासाठी आधी दवाखान्यात पोचावं लागतं.

आतून चाळताना वासेही बघून घ्या. जुना स्क्रूड्रायव्हर किंवा विळ्याचं टोक वाशात दाबून बघा. सहज आत गेलं तर वाळवीने आतून खाल्लंय. अशा पाख्यावर कुणीच जायचं नाही, कितीही हलकी बाई असो. हे काम सुताराचं.

शिडी

वर चढताना आणि उतरताना जेवढ्या जणी पडतात त्यात दोष बहुतेकदा शिडी लावण्याचा असतो. काही ठिकाणी शिडीला निसण म्हणतात, नाव काही असो. हिशोब सोपा आहे. वळचण आठ फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून दोन फूट बाहेर, बारा फूट असेल तर तीन फूट. म्हणजे चार फुटाला एक फूट. मोजायचं नसेल तर शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं टेकवून ताठ उभं राहा आणि हात खांद्याएवढे समोर करा. तळवे बरोबर पायरीवर टेकले तर शिडी ठीक. पोचले नाहीत तर ती फार आडवी आहे, खालून सटकेल. कोपर वाकवावं लागलं तर फार उभी आहे, मागे कोसळेल.

शिडीचं वरचं टोक वळचणीच्या वर तीन फूट जायला पाहिजे, म्हणजे छपरावर पाय ठेवताना हाताला धरायला काहीतरी राहतं. ते टोक वाशाला किंवा खांबाला सुंभाने बांधा. पन्हळीला टेकवू नका, पन्हळ वाकते. खाली शेणाने सारवलेलं ओलं अंगण असेल तर शिडीच्या दोन पायांपुरते बोटभर खड्डे करा. आणि शिडी धरणारी बाई मोठी हवी, दोन्ही हात शिडीवर, एक पाय खालच्या पायरीवर. ती फोनवर बोलणार नाही आणि वरचीच्या बरोबर खाली उभीही राहणार नाही, बाजूला उभी राहील. कौल वरून पडतं ते अडीच किलोचं असतं.

डोक्यावर किंवा काखेत कौल घेऊन चढू नका. चढताना दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, कायम शिडीला लागलेले असले पाहिजेत. सामान वर न्यायला बादलीला दोर बांधा, आपण वर पोचल्यावर ती ओढून घ्या. हे ऐकायला वेळखाऊ वाटतं. पन्नास कौलांना पंधरा मिनिटं जास्त लागतात.

कमरेला दोर बांधून वर जायची पद्धत आपल्याकडे आहे. मला ती पटत नाही. पडताना सगळा हिसका पोटाला आणि बरगड्यांना बसतो, आणि दोर बांधलाय या भरवशावर बाई नको तिथे पाय टाकते. टॉवरवर काम करणारे खांदा, छाती आणि मांड्या अशा सगळीकडून येणारा पट्टा घालतात, तो वेगळा. तोही पक्क्या जागी अडकवला तरच कामाचा.

मेन स्विच बंद केला तरी

हा भाग दोनदा वाचा.

छपरावर जाण्याआधी मेन स्विच बंद करायचा हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पण मेन स्विच बंद केल्याने वीज बंद होते ती मीटरच्या पुढची, म्हणजे घरातली. खांबावरून मीटरपर्यंत येणारी जी वायर आपल्या छपरावरून, वळचणीवरून जाते, ती चालूच असते. उन्हापावसाने तिचं रबर फुटलेलं असतं, कुठे पत्र्याला घासलेलं असतं. लोखंडी पत्र्याला ती टेकली की सगळा पत्रा विजेचा होतो. त्यावर हात ठेवण्याआधी खालून नीट बघा. वायर पत्र्याला लागलेली असेल किंवा तिच्यापासून हात-दीड हातावर काम असेल तर वायरमनला बोलावून खांबावरून बंद करून घ्या, किंवा १९१२ ला तक्रार नोंदवा. काठीने वायर बाजूला करू नका. ॲल्युमिनियमची शिडी असेल तर वायरच्या बाजूला लावायचीच नाही. बांबूची शिडी बरी, पण कोरडी असेल तोवरच.

पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. पावसाळ्यात बाई ओले कपडे घेऊन येते, तारेला हात लावते आणि चिकटते. दर पावसाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. छपराचं काम काढलंच आहे तर ती लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधून टाका. आणि कुणी चिकटलंच तर तिला हाताने ओढायचं नाही. आधी वीज बंद. बंद करता येत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने तिला तारेपासून सोडवायचं. पत्रा किंवा तार खांबावरच्या वायरलाच लागलेली असेल तर जवळही जायचं नाही, लांब थांबून १९१२.

लोखंडी पत्रा, वारा आणि धूळ

लोखंडी पत्रा फुटत नाही पण कापतो आणि उडतो. दहा फुटी पत्रा दोघींनीच उचलायचा, हातात जाड हातमोजे, नसतील तर गोणपाटाचे तुकडे. मे महिन्यात दुपारी तीननंतर वावटळ आणि वळीव कधी येईल सांगता येत नाही, त्यात हातातला सुटा पत्रा शिडासारखा फुगतो आणि धरणारीला सोबत नेतो. ढग गडगडला की काम जिथे आहे तिथे टाकून खाली. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात, तेच दगड वाऱ्यात घरंगळून कुणाच्या तरी डोक्यात बसतात. हूक आणि वॉशर बदलले तर दगडाची गरज पडत नाही. ठेवायचंच असेल तर वाळूची पोती ठेवा, दोरीने एकमेकांना बांधून, आढ्याच्या दोन्ही बाजूंना. आणि भोक पाडताना पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, पन्हळीत नाही. पन्हळीतून पाणी वाहतं, तिथलं भोक म्हणजे पुढच्या वर्षीची गळती.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत बहुतेक ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेल तोवर घाबरायचं कारण नाही. पण तो कटरने कापला, घासला, फोडला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी आजार बाहेर येतो. म्हणून कटर नको, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं नको. फुटका तुकडा काढायचा तर आधी त्यावर पाणी मारा, तोंडाला नुसता पदर न लावता घट्ट बसणारा मास्क लावा, मुलांना लांब पाठवा. तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका, ओले करून गोळा करा आणि प्लास्टिकच्या गोणीत बांधा. ते अंगणात भर म्हणून टाकायचे नाहीत आणि चुलीला आडोसा म्हणून लावायचे नाहीत. आपल्याकडे ही दोन्ही कामं सर्रास होतात.

आपलं अंग

चक्कर येत असेल, रक्त कमी असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, दिवस गेले असतील, बीपीची गोळी नुकतीच बदलली असेल, उपास असेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही. कारण सांगायची लाज वाटत असेल तर नुसतं "आज नको" म्हणा, आणि बाकीच्यांनी का म्हणून विचारू नका. सकाळी सात ते दहा काम, नंतर पत्रा तापतो. न्याहारी करून आणि पाणी पिऊन चढा. साडीवर चढायचं टाळा. सलवार किंवा घरातल्या कुणाची पँट चालेल. ती नसेल तर काष्टा घट्ट घाला, पदर खोचून गाठ मारा. पायात रबरी तळाचे कापडी बूट, स्लिपर नको. मंगळसूत्र आणि लांब हार काढून ठेवा किंवा ब्लाउजच्या आत घ्या, हुकात अडकतात.

एकटीचं काम नाही

शेतीत आपली सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. छपरालाही ती करता येते. गटात दहा-बारा जणी, मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रोज सकाळी एक घर. दोघी वर किंवा शिडीवर, एक शिडी धरायला, एक खालून सामान द्यायला. विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या ताईंचं घर पहिलं धरायचं. त्यांच्याकडे शिडी धरायला कुणी नसतं आणि त्या ते बोलून दाखवत नाहीत.

सामानाचंही तसंच. एक चांगली शिडी, पट्ट्या ठोकलेल्या दोन फळ्या, दोर, दोन जोड हातमोजे. एका घराने घ्यायचं म्हटलं तर जड जातं, वर्षातून दोन दिवस लागतं. ग्रामसंघाने घेतलं तर सगळ्या गावाला पुरतं. नेताना वहीत नाव लिहायचं, आणताना शिडीच्या पायऱ्या हलत नाहीत ना ते बघून परत घ्यायचं. हे माझं सुचवणं आहे, निर्णय तुमच्या ग्रामसंघाचा.

आणि गवंड्याला बोलवायला लाजू नका. सिमेंटचा पत्रा बदलणं, कुजलेला वासा, दुमजली घर, वायरच्या खालचं छप्पर, एवढी कामं आपली नाहीत. यासाठी गटाकडे कर्ज मागितलं की काही गट म्हणतात हे उत्पादक कर्ज नाही, शेळीला मागा देऊ. मला हे पटत नाही. दोन हजार रुपये शेकडा दोन दराने घेतले तर महिन्याला चाळीस रुपये व्याज. वर सांगितलेल्या ताईंच्या घरात तीन महिन्यांत जे गेलं त्याच्याशी हे ताडून बघा आणि मग बैठकीत बोला.

पडलीच तर

जागेवरून हलवू नका. आपला पहिला हात पाणी पाजायला आणि उठवून बसवायला जातो, तोच थांबवायचा. मणका मोडला असेल तर उठवण्याने आतली नस तुटते आणि पाय कायमचे जातात. १०८ ला फोन करा, गावाचं नाव आणि रस्त्यावरची खूण सांगा, एक माणूस फाट्यावर उभं करा. तोवर एकीने तिचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बोलत राहायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबा. बेशुद्ध असून उलटी होत असेल तर डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून चौघींनी मिळून तिला एका कुशीवर वळवा.

वाडीला रस्ताच नसेल तर दाराची फळी किंवा रुंद पाट आणा, त्याच पद्धतीने वळवून फळी खाली सरकवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावा, ओढणीने बांधा आणि मग न्या. घोंगडीच्या झोळीत नको, जीपच्या सीटवर वाकवून नको. मणक्याला आणि डोक्याला मार असेल तर हाड बसवणाऱ्याकडे नेऊन चोळून घेऊ नका.

डोक्यावर पडली आणि उठून चालायला लागली, तरी एक दिवस-रात्र तिला एकटी सोडू नका. सारखी उलटी, वाढती झोप, असंबद्ध बोलणं, फिट, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं की लगेच दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजेनात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, पैसे भरण्याआधी त्यांना विचारा.

शेवटचं, विम्याचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, वय १८ ते ७० चालतं, आणि विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख. मोडलेल्या हाडाचा दवाखान्याचा खर्च यातून मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, पण त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर कापला जात नाही आणि विमा चालू राहत नाही. फॉर्म कधी भरला होता हे पुष्कळ जणींना आठवत नाही. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी पासबुक आणा, गेल्या वर्षी मे-जूनमध्ये २० रुपये कापलेत का ते सचिव ताईंनी प्रत्येकीचं बघावं. कापलेले नसतील त्यांची नावं मला २५ मेपर्यंत कळवा, आपण बँक सखीला घेऊन एकाच दिवशी सगळ्यांचे फॉर्म भरू.